टोचे न मारलेलं वांगं

हे मी आईला सांगितलेलं नाही, संघटनेतल्या कोणालाही नाही. तुम्हाला पहिल्यांदाच सांगतोय. विषय वांग्याचा आहे. हसू आलं तर हसा. मलाही सुरुवातीला ते वांग्यापुरतंच वाटलं होतं.

मी पत्रकांवर वाढलो. बाबा बोईसरला कारखान्यात, आणि उरलेला वेळ युनियनमध्ये. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. ‘जागे व्हा’, ‘जाब विचारा’ — मला अक्षरं कळली ती अशी. मोठेपणी मीही तेच लिहू लागलो. एका पत्रकात लिहिलं, की मशीनच्या खडखडाटात कामगाराचे कान जातात आणि मालक म्हणतो, वय झालं. दुसऱ्यात लिहिलं, की समतेवर बोलणाऱ्या पुरुषाने आधी आपल्या घरातला गॅस पेटवावा. हे दुसरं गाजलं. चाळीतले लोक म्हणाले, दादा, मग शिकवा की!

रविवारी सकाळी समाजमंदिरात वर्ग सुरू झाला. मी वांगं निवडलं, कारण ते नवशिक्याला फार छळत नाही. काप मिठाच्या पाण्यात टाका, काळे पडत नाहीत. मग हळद-तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून, तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी. वांगं-बटाट्याचा रस्सा करा, आणि घरात दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरची सुकट असेल तर ती भाजून, धुऊन त्यात टाका — मग कोणी नावं ठेवणार नाही. आणि भरीत? ते तर सगळ्यात सोपं, असं मी सांगितलं. वांग्याला तेल लावा, थेट गॅसवर ठेवा, फिरवत राहा. साल काळी पडली की सोला. कांदा, मिरची, कोथिंबीर. झालं.

आता ऐका. ती वांगी मी घरून न्यायचो. पिशवी आई भरून द्यायची — वांगी धुतलेली, पुसलेली आणि सुरीच्या टोकाने चहूबाजूंनी टोचलेली. जांभळ्या सालीवरचे ते बारीक टोचे मला कधी दिसलेच नाहीत. दिसणार कसे? मी वांग्याकडे कुठे बघत होतो? मी भाषण करत होतो. आणि खरं सांगायचं तर घरी मी एकदाही वांगं भाजलं नव्हतं.

पहिल्या रांगेत जानूकाका बसायचे. मनोरच्या पलीकडचे, डोंगरातले. पावसाळा संपला की कामाला खाली यायचे, मग इथेच कापडाच्या कारखान्यात लूमवर लागले. एका कानाने थोडं कमी ऐकू यायचं, पण थोडंच. वर्गातला माझा शब्द न् शब्द त्यांना कळायचा. त्यांना स्वयंपाक शिकायचा होता तो समतेसाठी नाही. बायको संध्याकाळी कँटीनमध्ये कामाला जायची, आणि मुलगी मनीषा दहावीला होती. “पोरगी पुस्तक घेऊन बसंल, मी वांगा भाजन,” ते म्हणायचे. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा हे मोठं होतं.

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा गालावर आणि मानेवर फोड होते. अर्धी मिशी जळालेली. मागून कोणीतरी ओरडलं, “काका, भरीत वांग्याचं केलंत का मिशीचं?” सगळे हसले, काकाही हसले. मग म्हणाले, “वांगा फुटला ना दादा! बाँबच! बायको बोलते, टोचे मारल्याबिगर कोन भाजतं? तुमी सांगितलेलं काय तसं?”

ते जाब विचारत नव्हते. साधं विचारत होते. टोचे मारायचे असतात, हे मला त्या क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी — काय म्हणालो मी?

“सांगितलं होतं काका. पंख्याच्या आवाजात तुम्हाला ऐकू आलं नसेल.”

एवढंच. एकाने मान डोलावली, हो हो, सांगितलेलं दादांनी. दुसऱ्यालाही आठवलं. जे मी बोललोच नव्हतो, ते त्यांना आठवलं, कारण दादा चुकत नाहीत. काकांनी हात कानाला लावला. त्यांचं हसू गेलं.

त्यांच्या कानाला मी नाव ठेवलं. ज्या कानासाठी मी मालकाविरुद्ध पत्रक काढलं होतं, त्याच कानाला. मालक म्हणतो वय झालं. मी म्हणालो पंखा. फरक काय?

काका वर्गाला यायचे थांबले. मी त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायला गेलो होतो, असं स्वतःला बजावत. गॅसजवळ मनीषा भाकरी थापत होती. पुस्तक डब्यांच्या फळीवर, उघडं. काका म्हणाले, “माझाच कान गेला दादा. गॅस सुरू हाय का बंद, सूं आवाज पन आला नाय तर? नाय, आता नाय जात मी गॅसकडं.” तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. मनीषाने चहा आणून दिला. मी तो प्यायलो आणि निघालो.

मनीषा कशीबशी पास झाली. पुढे शिकली नाही. आता पॅकिंगला जाते. त्या संध्याकाळींमुळेच असं झालं, असं मी म्हणत नाही. नसेल झालं, असंही मला म्हणता येत नाही.

वर्ग अजून चालतो. पहिलं वाक्य मी मोठ्याने सांगतो : वांग्याला टोचे मारा, खोलवर, सगळीकडून. लोक म्हणतात, दादा फार काळजी घेतात.

गेल्या महिन्यात बोईसरच्या बाजारात जानूकाका भेटले. भाजीवाल्यांचा आरडाओरडा, रिक्षांचे हॉर्न. मी हळूच विचारलं, “काका, बरे आहात ना?”

“बरा हाय,” ते लगेच म्हणाले.

मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी हात कानामागे धरला आणि माझ्याकडे वाकले. “जरा मोठ्यानं बोला दादा. मला ऐकू नाय येत.”

मी मोठ्याने बोललो.