कोरड्या जागेले वास नसते

यवतमाळ जिल्ह्यात जितकी म्हणून नाकं असतील, त्यांतल्या कुठल्याही नाकाने कुणाला दिला नसेल एवढा त्रास आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या नाकाने एकट्या माझ्या घराला दिला आहे. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहे, पण दोन वर्षं थांबून, विचार करून, थंड डोक्याने आलेला राग आहे. काका सत्तरी ओलांडलेले, काकू गेल्यापासून एकटे राहणारे. दिग्रसला एका जिनिंगमध्ये त्यांनी उभी हयात कापसाची प्रत ठरवण्यात घालवली. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस ओढून नाकाशी धरायचा आणि ‘ओला’ किंवा ‘कोरडा’ एवढंच म्हणायचं. मग त्यापुढे शेतकऱ्याचं काही चालायचं नाही आणि व्यापाऱ्याचंही. नोकरी संपली, पण ती सवय काही संपली नाही. आमच्याकडे आले की चप्पल काढायच्या आधी ते उंबरठ्यावर थांबतात, डोळे मिटतात, मान जराशी वर करतात आणि हवा ओढतात. माझ्या बायकोला हे इतकं झोंबतं की ती काकांची चाहूल लागताच उदबत्ती विझवते. कशाला आणखी एक विषय द्यायचा, असं तिचं म्हणणं.

दारव्हा रोडवरच्या या जुन्या अपार्टमेंटमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, त्याच दिवशी काका तिसऱ्या मजल्यावरून उतरून आले. सामान अजून जिन्यात होतं. त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं आणि मागच्या खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये उभे राहून निकाल दिला, “सर, याच्यात आंघोळ करू नका. इथं ड्रम ठेवा.” आता यवतमाळात राहणाऱ्या माणसाला पाण्याबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही. नळ कधी आठ दिवसांनी येतो, कधी बारा, आणि मी तर इथल्याच कॉलेजात शिकवतो. तेव्हा दुसऱ्या बाथरूमची चैन करण्यापेक्षा तिथे चार निळे ड्रम ठेवणं मलाही शहाणपणाचं वाटलं. ड्रम कसे लावायचे, पाइप कसा ओढायचा, झाकणं कशी घट्ट बसवायची हे सगळं काकांनीच दाखवलं. नळ आला की ते स्वतः पाइपाचं तोंड धरून उभे राहत, एक थेंब खाली सांडू देत नसत, आणि सांडलाच तर खांद्यावरच्या गमछ्याने पुसून घेत. “पाहा न,” ते कौतुकाने म्हणत, “फरशी कशी खडखडीत आहे.”

तीनेक महिन्यांनी घरात वास सुरू झाला.

कसला ते सांगता येत नसे. सकाळी कमी, दुपारी जास्त, मागच्या खोलीत सगळ्यात जास्त, आणि पाहुणे आले की हमखास. ती मागची खोली मी आईसाठी ठेवली होती. आई दारव्ह्याला धाकट्या भावाकडे राहते. मी थोरला, नोकरीतला, फ्लॅटवाला, तरी आई माझ्याकडे कधी राहिली नव्हती, कारण भाड्याच्या दोन खोल्यांत तिला ठेवायला जागाच नव्हती. आता जागा झाली होती. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन यवतमाळला करायचं आणि महिनाभर तिने इथेच राहायचं, असं ठरलं. ती आली, ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या दिवशी डोळ्याला हिरवी पट्टी लावलेली माझी आई पलंगावर उठून बसली व म्हणाली, “बाबू, तुह्या घरात काही मेलं काय रे?” संध्याकाळच्या एस.टी.ने ती परत गेली. भावाचा फोन आला, “दादा, आई इकडेच बरी आहे. तू टेन्शन घेऊ नको.” हे वाक्य त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं, आणि मी ते आजतागायत विसरलेलो नाही. तिचा दुसरा डोळा व्हायचा होता. त्याच्या आत हा वास घालवायचाच, असं मी ठरवलं. आणि इथे माझी चूक झाली, कारण ते मी काकांना बोलून दाखवलं.

पुढचं दीड वर्ष आमच्या घराचा ताबा काकांकडे होता. आधी त्यांनी लोखंडी घमेल्यात गोवऱ्या पेटवून वर कडुलिंबाचा ओला पाला घातला. धूर इतका झाला की समोरच्या दुकानदाराने आग लागली म्हणून आरडाओरडा केला आणि माझे सगळे शर्ट महिनाभर धुराचा वास मारत राहिले. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने मला विचारलं, “सर, वीटभट्टी टाकली का?” मग त्यांनी प्रत्येक कोपऱ्यात अर्धा चिरलेला कांदा ठेवला. कांदा वास ओढून घेतो म्हणे. ठेवले अकरा, उचलले दहा. अकरावा कपाटामागे सापडला, आणि तो सापडण्याआधीचे पंधरा दिवस आमच्या घरात एक वास नव्हता, दोन होते. नंतर पलंगाखाली कोळशाचं पोतं आलं, वाट्यांत सिरका आला, मागच्या खोलीला काकांनी स्वतःच्या हाताने चुना मारला. डांबरगोळ्या त्यांनी कुठे कुठे लपवल्या याचा हिशेब अजून लागलेला नाही. एक तर तांदळाच्या डब्याच्या झाकणाला चिकटवलेली निघाली. ती रात्र आम्ही पोह्यांवर काढली. आणि या सगळ्या उपायांच्या खालून तो मूळ वास रोज दुपारी आपल्या वेळेवर हजर होत असे.

त्यांची तपासणी तर उपायांहून वाईट. डॉक्टर नाडी पाहतो तसे ते आधी आम्हालाच विचारत. “कसा येते, सूनबाई? आंबट येते का कडवट? कुजका येते का सडका?” बायकोने ‘कुजका’ म्हटलं की ते लगेच हवा ओढून मान डोलावत, “बरोबर. कुजकाच आहे.” एकदा त्यांनी भरल्या घरात विचारलं, “सूनबाई, तुमच्याकडं सुकट किती दिवसांची आहे?” बायकोने सुकटीचा डबा त्यांच्यापुढे आपटला, मग लोणच्याची बरणी, मग पापडाचा डबा, आणि म्हणाली, “घ्या, सगळं हुंगा.” काकांनी शांतपणे सगळं हुंगलं. तिनेच एकदा सांगून पाहिलं, “काका, मला तर ड्रमच्या बाथरूमकडून वास जास्त येतो.” काका हसले. लहान मुलाला हसावं तसे हसले. “कायले येईन? तिथं तर एक थेंब ओल नाही. चाळीस वर्षं मी हेच काम केलं सूनबाई. वास असते ओलीत. कोरड्या जागेले वास नसते.” आणि जाताना त्यांनी त्या बाथरूमची फरशी पुन्हा एकदा कोरड्या फडक्याने पुसून घेतली.

चाळीस वर्षांच्या नाकापुढे मी काय बोलणार. पण मनात मी त्यांना काय काय म्हणत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याच्या घरात अहोरात्र नाक खुपसणारा हा माणूस स्वतःच्या घरात कसा होता ते आम्ही पाहत होतो. एकदा मी वर गेलो तर त्यांनी मला ताक दिलं. ते इतकं नासलेलं होतं की मी पहिला घोट बाल्कनीतल्या कुंडीत थुंकला, आणि काका समोर बसून त्याचाच दुसरा पेला पीत होते. बाहेर निघाले की जिन्यातून तीनदा परत वर जात, गॅसचं बटण हाताने चाचपून येत. आम्ही यावर हसायचो. माझी बायको तर त्यांची नक्कलही करायची.

मग आईच्या डाव्या डोळ्याची तारीख आली. ती यायला तयार नव्हती. शेवटी ‘दोन दिवस, त्याच्यावर एक नाही’ या अटीवर आली. तिच्या येण्याआधी काकांनी मागच्या खोलीत कडुलिंबाच्या चार जुड्या टांगल्या. ऑपरेशन झालं, आई त्या खोलीत झोपली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वास आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई जायचं नाव काढेना. काका जिन्यात भेटेल त्याला जुड्यांबद्दल सांगू लागले. चौथ्या दिवशी ते पाहणी करायला आले, मी मागून गेलो, आणि बाथरूमच्या दारात आम्ही दोघेही थांबलो. आई एका हाताने भिंत धरून, दोन ड्रमच्या फटीतून, भरलेला लोटा मोरीच्या जाळीवर ओतत होती.

“ताई, काय करून राह्यल्या? नळ दहा दिवसांनी येते,” काका कळवळून म्हणाले.

“पाय धुतले भाऊ, न् उरलं ते जाळीत टाकलं,” आई म्हणाली. “मोरी कोरडी पडली का खालचा वास वर येते. जाळीखाली पाणी भरून असलं का तो दबते. वासाचं घर तर हे होतं. इथं उभं राहवत नव्हतं मले.”

जाळी काढून पाहिली. खाली वाटीएवढा खळगा होता, त्यात आता पाणी होतं. दोन वर्षं आम्ही तो राखून राखून कोरडा ठेवला होता, आणि गटाराला आमच्या घरात यायला दार उघडं करून दिलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो धूर, ते कांदे, तो चुना, भावाचा तो फोन, सगळं एकदम तोंडाशी आलं. मी काकांकडे वळलो. पण आई आधी बोलली.

“भाऊ, तुम्ही एवढे नाकवाले. इथं रोज उभे राहत होते म्हणते सून. तुमाले आला कसा नाही?”

काकांनी खांद्यावरचा गमछा काढला. त्याची घडी केली, पुन्हा मोडली.

“तुमाले वास येत नाही काय, भाऊ?” आईने हळूच विचारलं.

“नाही येत, ताई,” ते म्हणाले. “कोरोनात गेला. समद्याइचा वापस आला, माहा नाही आला.”

“मग सांगाचं न.”

“काय सांगू?” काका म्हणाले. “दुसरं मले येतच काय होतं?”

माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. मला ते ताक आठवलं, आणि जिन्यातून तीनदा वर जाणारी त्यांची पावलं आठवली. ज्या नकलेवर मी पोट धरून हसलो होतो तिची मला लाज वाटली. मात्र कांद्यांबद्दल मी त्यांना अजूनही माफ केलेलं नाही, आणि डांबरगोळीबद्दल माझी बायको करणार नाही.

आई दीड महिना राहिली. या हिवाळ्यात पुन्हा आली आहे. काका रोज सकाळी येतात, लोटाभर पाणी जाळीत ओततात, एक थेंब जास्त नाही, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून आईला विचारतात, “काय शिजून राह्यलं, ताई?” आई सांगते. तुरीचे हिरवे सोले टाकले, लसूण जळाला, सांभार, म्हणजे कोथिंबीर, आता घातला. काका डोळे मिटून ऐकतात.

परवा कापसाची गाडी चौकात उभी होती. काकांनी जाऊन मूठभर कापूस ओढून आणला, जिना चढून आले आणि तो माझ्या नाकाखाली धरला. “सर, पाहा बरं. ओला का कोरडा?” मला कापसातलं ओ का ठो कळत नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, “भिजलेल्या गोणपाटाचा वास येते का, एवढंच सांगा.” मी डोळे मिटले, मान जराशी वर केली आणि हवा ओढली. गोणपाटाचा वास येत नव्हता. कसलाच येत नव्हता. तसं मी सांगितलं.

“मंग कोरडा आहे,” काका म्हणाले, आणि तो कापूस जपून खिशात ठेवून वर गेले.