कावळा शिवला

बाबांचं वर्षश्राद्ध मार्चमध्ये आलं. मिनेसोटातली आमची नदी तेव्हा अर्धी गोठलेली असते. दर शनिवारी मी तिथे दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जातो. त्या शनिवारी डब्यात दहीभातही होता. आठवडाभराच्या मीटिंग्जनी जीव मेटाकुटीला आला होता. काठावरच्या बर्फावर पेपर प्लेटमध्ये भात वाढला आणि लांब जाऊन उभा राहिलो. झाडावर गरुड बसला होता. एरवी तासभर त्याच्याकडेच बघितलं असतं, पण आज मला साधा एक कावळा हवा होता.

दोन आले. भाताभोवती फिरले, पण शिवले नाहीत.

अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करायचं कबूल करतात. बाबांची एकच इच्छा होती, मी कायमचं पुण्याला परत यावं. माझं तोंडच उघडेना. शेवटी पाण्यातून एक माजोरडं बदक वर आलं आणि सगळा भात चापून गेलं.

घरी पोचतो तोच आईचा फोन. "शिवला का रे?"

"शिवला," म्हटलं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

ती हळूच म्हणाली, "म्हणजे परत यायचं कबूल केलंस तू?"