अंदमानात चुकवू नये असं घर

बेहालातल्या आमच्या इमारतीत कुणी अंदमानला निघालं की समोरच्या वहिनी, इथल्या बंगाली भाषेत बौदी, बेल वाजवतातच. त्यांचा जन्म पोर्ट ब्लेअरचा, त्यामुळे तिथे काय बघायचं ते त्याच ठरवतात.

"आधी सेल्युलर जेल, आणि आत गप्पा मारायच्या नाहीत. राधानगरचा किनारा सूर्य मावळतानाच बघायचा. आणि तिसरं, माझ्या आईचं घर. ते चुकवायचं नाही."

मग खजुराच्या गुळाची ढेप हातात ठेवतात. माझ्या नवऱ्याने "सामान फार होतंय" असं म्हणून पाहिलं, तर त्यांनी सरळ आमची बॅग उघडली आणि त्याचे बूट बाहेर काढले. मला त्यांचा जरा धाकच वाटतो.

आम्ही त्या घरी गेलो. आजींनी गूळ हुंगला, आमच्याच हातावर एकेक तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "गूळ दर थंडीत पोचतो. तिला सांगा, आता तू ये."

परतल्यावर मी तो निरोप जसाच्या तसा सांगितला. बौदी दाराच्या कडीशी चाळा करत उभ्या राहिल्या. मग पदर खोचून त्यांनी विचारलं, "पुढच्या थंडीत कोण चाललंय?"