परतीच्या बॅगेतले पॅड

मला अधूनमधून कुठेतरी भाषणाला बोलावतात. कॉर्पोरेट क्षेत्रातले वरिष्ठ अधिकारी आणि देशात आइस हॉकी रुजवायला हातभार लावणारे, अशी ओळख करून देतात आणि खांद्यावर शाल घालतात. बंगळूरमध्ये बसून बर्फावरचा खेळ कसा वाढवला, हा प्रश्न ठरलेला. मीही नियोजन, भागीदारी वगैरे ठरलेलं उत्तर देतो. खरं उत्तर फार घरगुती आहे. परदेशातून परत येणाऱ्या आपल्या माणसांच्या बॅगा रिकाम्या असतात, हे माझ्या लक्षात आलं. माझी कर्तबगारी म्हणाल तर एवढीच, बाकीचं सगळं त्या बॅगा उचलणाऱ्यांचं.

माझी सगळी नोकरी व्हाइटफील्डमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत झाली. तिशीत असताना कंपनीने मला एका हिवाळ्यात कॅनडाला पाठवलं. तिथल्या क्लायंटने पहिल्याच शनिवारी मला बर्फावर उभं केलं आणि मी सगळ्यांसमोर साष्टांग नमस्कार घातला. पण खेळ डोक्यात बसला तो बसलाच. पुढे बऱ्याच वर्षांनी भर थंडीत लडाखला गेलो, तर गोठलेल्या तळ्यावर मुली तोच खेळ खेळत होत्या. पायात कुणीतरी टाकून दिलेले स्केट, ते ढिले होतात म्हणून आत कोंबलेले मोजे. गोलात उभ्या असलेल्या मुलीच्या पायाला क्रिकेटचे पॅड होते. आइस हॉकीत चेंडू नसतो, कडक रबराची जाड चकती असते आणि ती लागली की थेट हाडात कळ जाते. ती मुलगी मार खायची, लंगडत उठायची, हसायची आणि परत उभी राहायची. मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. माझा स्वभावच तसा आहे. मला कीव येण्याआधी राग येतो आणि राग आला की मी कामाला लागतो.

काम म्हणजे काय, तर मागणं. आपली माणसं तिकडे जाताना बॅगेत काय काय कोंबतात ते घरोघरी माहीत आहे. भाजणी, मेतकूट, लोणचं, डिंकाचे लाडू. विमानतळावर काटा थरथरतो. येताना मात्र त्याच बॅगा खुळखुळतात. तिकडे घरोघरच्या गॅरेजमध्ये मोठ्या झालेल्या मुलांचे स्केट धूळ खात पडलेले असतात, मागितले तर लोक खुशीने देतात. मी ऑफिसात प्रत्येक परतणाऱ्याला गाठायला लागलो. सुरुवातीला मुलं साहेबांनी सांगितलं म्हणून नाइलाजाने आणायची, नंतर त्यांच्यात चढाओढ लागली. नातवंडाला बघायला गेलेले आजोबा हॉकीच्या काठ्या घेऊन आले, एका बाईंनी हेल्मेटमध्ये चॉकलेटं भरून आणली. बनशंकरीतल्या माझ्या घरची वरची खोली भरून गेली. आणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी हा खेळ पाहिला नव्हता, तरी त्यांनी ओझं वाहिलं. त्यांचे उपकार मी कसे फेडणार?

गोलरक्षकाचे पॅड तेवढे कुणी आणत नव्हतं. एक जोडी म्हणजे आख्खी एक बॅग.

अशात मुलींच्या संघाला परदेशातल्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं. पावसाळ्यात लडाखला खेळण्याजोगा बर्फ नसतो, म्हणून मुली सरावाला बंगळूरला आल्या. इथल्या एका मॉलमध्ये लग्नाच्या हॉलएवढा बर्फ होता आणि सकाळी दुकानं उघडायच्या आत तो आम्हाला वापरू द्यायचे. राहायची सोय येलहंक्याच्या एका वसतिगृहात केली होती. सगळं जमत आलं होतं आणि मग आयोजकांचा निरोप आला. गोलरक्षकाचं सामान नियमाप्रमाणे नसेल तर तिला बर्फावर उतरू देणार नाहीत. संघात गोलरक्षक एकच होती, तीच ती क्रिकेटच्या पॅडवाली. छातीचं, डोक्याचं, हाताचं सगळं आम्ही जमवलं होतं, पायाचं राहिलं होतं. ती उतरली नाही तर संघ उतरणार नव्हता. नवे पॅड मागवले असते तर कस्टममधून सुटेपर्यंत स्पर्धा आटोपली असती.

त्या वेळी माझी अक्का टोरांटोला होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते आणि घर तिच्याच धाकात असतं. लेकीच्या बाळंतपणासाठी ती तिकडे गेली होती आणि त्याच आठवड्यात परतणार होती. भाचीच्या शेजारच्या घरातला मुलगा गोलरक्षक होता आणि त्याने खेळ सोडला होता. पॅड पडूनच होते. प्रश्न फक्त अक्काचा होता.

"दुसऱ्याच्या पायातलं माझ्या बॅगेत?" ती फोनवर म्हणाली. आम्ही बंगळूरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी, अक्काच्या बोलण्यात कन्नड कधी शिरतं ते तिलाही कळत नाही. "अय्यो, देवाचा डबा कुठं ठेवू मग?"

"दुसऱ्या बॅगेत ठेव. स्वच्छ असतील ते, धुतलेले."

"कोण धुतलंय? तू बघितलास काय?"

मग मी तिचंच शस्त्र काढलं. शेजारणीचा डबा आमच्या घरून कधी रिकामा परत जात नाही. काही नसेल तर अक्का त्यात मूठभर साखर घालते, लहानपणी याच एका गोष्टीवरून मी तिचे धपाटे खाल्ले आहेत. मी म्हटलं, "वाटीएवढा डबा रिकामा पाठवत नाहीस आणि एवढी मोठी बॅग रिकामी घेऊन येणार?"

"बॅग रिकामी कुठं आहे," ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "सरी, बरं. आणते."

ती का थांबली, हे मी विचारलं नाही. मला पॅड मिळाले होते, बाकी काही ऐकायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

अक्का आली, पॅड आले. मी ते डोळे भरून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्त ऑफिसला गेलो. संध्याकाळी घरी आलो तर गच्चीवरच्या पत्र्याखाली दोन्ही पॅड दोरीला उलटे टांगलेले आणि त्यांतून पाणी निथळतंय. अक्काने ते रिठ्याच्या पाण्यात भिजवून, ब्रशने घासून, दोनदा खळबळून काढले होते. हॉकीच्या वापरलेल्या सामानाची बॅग ज्याने कधी उघडली नाही त्याला तो वास सांगून कळायचा नाही, त्यामुळे तिचंही अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. पण ते पॅड म्हणजे चादर नव्हे. आतला स्पंज पाणी पिऊन बसला होता. आठवडाभर ऊन नव्हतं, नुसती बंगळूरची पिरपिर. वर गुडघ्याच्या जागेचं आधीच कुजत आलेलं अस्तर तिच्या ब्रशखाली फाटून लोंबत होतं.

मी ओरडलो. चांगलाच ओरडलो, शेजारच्यांनी खिडकी उघडली. अक्का कमरेला पदर खोचून तशीच उभी राहिली.

"पाहुणी पोर आहे ती," ती म्हणाली. "कुणाचा तरी घाम पायाला बांधून खेळू दे म्हणतोस?"

मी पॅड उतरवले, गाडीत टाकले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेले. आमच्या सर्व्हर रूमची गरम कोरडी हवा मागच्या एका बोळात फेकली जाते. तिथे पॅड खुर्च्यांवर बसवले. देखभाल बघणारा माणूस आधी माझ्याकडे आणि मग पॅडकडे बघत राहिला, पण दर तासाला येऊन ते फिरवायचं काम त्यानेच आपणहून घेतलं. कंपनीची कितीतरी कामं त्या सर्व्हरवर होत असतील, माझ्या मते त्यातलं सर्वांत चांगलं काम हे झालं. पॅड वाळले. त्यांना रिठ्याचा वास येत होता. गुडघ्याखालचा स्पंज मात्र चुरा होऊन गळून पडला होता.

निघायला दोन दिवस राहिले होते. मी त्या मुलीला येलहंक्याहून घरी घेऊन आलो. तिने आमच्या हॉलमध्ये पॅड बांधले. उंचीला बरोबर होते. मग गोल अडवताना खाली बसतात तशी ती धपकन गुडघ्यांवर बसली आणि तिचा चेहरा आवळला. गुडघा आत नुसत्या कडक फळीवर आदळत होता.

"चलेगा," ती म्हणाली.

क्रिकेटच्या पॅडलाही ती हेच म्हणायची. अक्का दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि हातात एक छोटी गोधडी घेऊन आली. तिच्या दोन जुन्या सुती साड्या आणि आमच्या भावजींचं धोतर, एवढं मी काठावरून ओळखलं. आणि तेव्हा मला ते फोनवरचं थांबणं कळलं. ही गोधडी तिने नातीसाठी शिवली होती. डोळे दुखायचे तरी दुपार दुपार टाके घालत बसायची, ते मीच पाहिलं होतं. भाची मागे फोनवर म्हणाली होती, टोरांटोला डॉक्टरांनी सांगितलं, तान्ह्या बाळाच्या पाळण्यात वर-खाली काही घालायचं नाही. बाळाला अंगात घालायची चेनची पिशवी असते, तीतच ते झोपायचं. गोधडी घडी न मोडताच तिच्याबरोबर परत आली होती.

अक्का जमिनीवर बसली आणि तिने कात्री घेतली.

"अक्का, अगं ही..."

"तू गप बस."

तिने गोधडी मधोमध कापली. अर्ध्याच्या घड्या घातल्या, दाबून पाहिल्या, आणखी एक घडी घातली. गादी शिवायचं दाभण काढलं आणि गुडघ्याच्या जागी ती गोधडी शिवायला लागली. मुलगी तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि पॅड घट्ट धरून राहिली. अक्काचं हिंदी यथातथाच आणि मुलीला मराठी येत नव्हतं, तरी दोघी बोलत होत्या. मध्येच मुलीने तिला अबीले म्हणून हाक मारली. लडाखला आजीला असं म्हणतात हे मी सांगितलं. अक्काने मान वर केली नाही. "स्वल्प सरळ धर," एवढंच म्हणाली आणि मुलीने सरळ धरलं.

शिवून झाल्यावर मुलीने पॅड बांधले आणि पुन्हा गुडघ्यांवर बसली. या वेळी ती लगेच उठली नाही. बसून राहिली, थोडी पुढेमागे झुलली आणि हसली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

स्पर्धेच्या गावी सामानाच्या तपासणीला मीच गेलो. तपासनिसाने पॅडची रुंदी मोजली, कड मोजली आणि मग हात आत घातला. शिवणीतून साडीचा हिरवा काठ डोकावत होता. मी आयुष्यभर क्लायंटना पटवत आलोय, इंग्रजीत एक आख्खा परिच्छेद तयार ठेवला होता. त्याने कापड चाचपलं, अंगठ्याने दाबलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. परिच्छेद तसाच राहिला.

आम्ही हरलो. चांगलेच हरलो. पण संघ बर्फावर उतरला आणि ती मुलगी सामना संपेपर्यंत गोलात उभी राहिली. ती किती वेळा गुडघ्यांवर कोसळली आणि किती वेळा उठली ते मी मोजलं नाही, दर वेळी फक्त तिचा चेहरा बघत होतो. तो आवळला नाही. अक्का इकडे बनशंकरीत फोनवर सामना बघत होती. नियम तिला एक कळत नव्हता. रात्री मी फोन केला तेव्हा म्हणाली, "पॅड बाकीच्यांच्यापेक्षा पांढरे दिसत होते."

ते पॅड मुलीने अक्काच्याच बॅगेतून नेले होते. पुढच्या हिवाळ्यानंतर लेहहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर बॅग घरी परत आली. अक्काने उघडली तर आत वाळवलेले जर्दाळू, तळापासून वरपर्यंत. तिने त्या मुलीला डब्यातल्या साखरेचं कधी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. कदाचित त्यांच्याकडेही तीच रीत असेल.

आम्ही जर्दाळू खात बसलो होतो तेव्हा भाचीचा फोन आला. नात आता वर्षाची झाली होती, पिशवीतून बाहेर पडायला धडपडत होती. डॉक्टरांनी आता पांघरूण घालायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं.

"मामा, आईला विचार ना," ती जरा चाचरतच म्हणाली, "ती गोधडी आहे का अजून? मला हवी होती."

मी अक्काकडे पाहिलं. तिला सगळं ऐकू आलं होतं. ती उठली, कपाटातून उरलेला तुकडा काढला आणि मांडीवर पसरून त्याच्या कापलेल्या कडेवरून हात फिरवला. मग सुई ओवायला घेतली.

"आहे म्हणून सांग," ती म्हणाली. "पण अर्धीच. दुसरी अर्धी खेळायला गेलीय."