मालती टीचरचं अक्षर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही कुंभकोणमचे नाही — इथल्या लोकांच्या नमस्कारांचा मला आता वीट आलाय. निवृत्तीच्या समारंभात मला जरीची शाल घातली, मागे ‘व्याकरणसम्राट’ असा फलक लावला. फलकावर माझं नाव चुकलं होतं. बाकी तमाशा बिनचूक.

तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. घरी आमची जुनाट तंजावरी मराठी, रस्त्यावर तमिळ, वर्गात इंग्रजी — आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा तिन्हींपैकी एकही कामाला आली नाही.

शाळेत रीत अशी, की परीक्षेची आदर्श उत्तरं ज्येष्ठाने तोंडी सांगायची, कनिष्ठाने लिहून काढायची. माझं अक्षर गिचमिड, मालती टीचरचं सुबक. तिची नोकरी हंगामी, वर्षावर्षाने वाढवून मिळणारी. एका परीक्षेत कर्तरी प्रश्न कर्मणी प्रयोगात बदलायचा होता. ‘हू रोट द लेटर?’ याचं मी सांगितलं, ‘बाय हूम द लेटर वॉज रिटन?’ तिचं पेन थांबलं.

“सार, ‘वॉज’ आधी यायला हवा ना? प्रश्न आहे तो.”

“टीचर, तुमच्या जन्माआधीपासून शिकवतोय मी हे. लिहा.”

तिने लिहिलं. तिचं बरोबर होतं हे मला कधी कळलं? तिथेच. लगेच. मग तोंड उघडायला काय झालं होतं? — काही नाही. सम्राट होतो ना.

त्या उत्तरांवरून पेपर तपासले, आणि बरोबर लिहिणाऱ्या मुलींचेच गुण कापले गेले. पापनाशमहून एकीचे वडील व्याकरणाचं पुस्तक घेऊन आले. मुख्याध्यापिकेने तो उत्तरांचा कागद मागवला, आम्हा दोघांना समोर उभं केलं. हे कुणाचं?

“अक्षर मालती टीचरचं आहे,” मी म्हणालो.

यात खोटं काय होतं? एक शब्दही नाही. ती आधी कागदाकडे बघत राहिली — बराच वेळ — मग माझ्याकडे. जूनमध्ये तिला परत बोलावलं नाही. आता चोळपुरमला घरी शिकवण्या घेते. बसस्टँडवर भेटली की हात जोडते, “वणक्कम, सार.”

गप्प बसलो, एवढंच असतं तर कदाचित पचलंही असतं. पण ती कागदावर काय शोधत होती, ते अजून सांगितलंच नाही. लिहिताना तिने ‘वॉज’पासून ‘द लेटर’च्या आधीपर्यंत पेन्सिलीने बारीक बाण काढला होता. कडेला लिहिलं होतं — सारना पुन्हा विचारणे.

कागद माझ्या खणात होता. मुख्याध्यापिकेकडे नेण्याआधी मी खोलीचं दार लावलं आणि ते सगळं खोडलं. घाईघाईने नाही. कागद चुरगळू नये म्हणून सावकाश, एका हाताने दाबून धरून. मग रबराचा भुगा फुंकरीने उडवला.