मठाटीवरचा रुपया

जुनी नाणी जमवणारा माणूस बाजारात शिरला की त्याचा चेहरा आपोआप मख्ख होतो. आवडलेल्या वस्तूकडे पाहायचं नाही, तिच्या शेजारचा गंजका अडकित्ता उचलून पाहायचा, हा या छंदाचा पहिला धडा. शाळेत मी पोरांना खरं बोलायला शिकवायचो आणि दारव्ह्याच्या आठवडी बाजारात तोंड न उघडता खोटं बोलायचो.

कापसाचे भाव पडले ती वर्षं. घराघरातल्या पेट्यांमधलं पितळ, चांदी तेव्हा बाजारात यायला लागलं होतं. सांगायला लाज वाटते, पण माझा छंद त्याच वर्षांत बाळसं धरून आला.

चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी एक बाई थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल, जवळच्याच खेड्यातली. माझ्या वेडाची कीर्ती तिथवर पोचलेली दिसत होती. तिनं पदराची गाठ सोडून चांदीचा एक रुपया माझ्या हातावर ठेवला. इंग्रजांच्या काळचा, राजाछाप. पाठीवर मधोमध वितळवलेल्या धातूची डाख देऊन एक कडी जोडलेली.

"बैलाच्या मठाटीचा हाये, गुरुजी," ती म्हणाली.

मठाटी म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलाच्या कपाळावर बांधायची पट्टी. कुणी तिच्यावर आरसे लावतं, कुणी गोंडे. हिच्या सासऱ्यानं हौसेनं दोन मठाट्यांवर चांदीचे दोन रुपये कडीनं शिवून घेतले होते.

माझे नियम कडक होते. भोक पाडलेलं नाणं घ्यायचं नाही, डाख दिलेलं घ्यायचं नाही, घासलेलं तर हातातही धरायचं नाही. या रुपयानं पहिल्या दमातच एक नियम मोडला होता. मी तो परत देणार, एवढ्यात राजाच्या छातीकडे नजर गेली आणि हात मागे घेतला.

या राजाच्या अंगरख्यावर एक इवलासा हत्ती असतो. पहिल्या वर्षी जो रुपया निघाला, त्यावरच्या हत्तीची सोंड आखूड पडली. लोक म्हणाले, हे तर डुक्कर आहे. एवढी ओरड झाली की सरकारनं नाणी माघारी घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड दिली. त्या पहिल्या वर्षाच्या नाण्यासाठी मी बारा वर्षं झुरत होतो. माझ्या वहीत त्याची एक जागा रिकामी ठेवलेली होती. आणि आता तळहातावर ज्याच्याकडे मी पाहत होतो, तो हत्ती नव्हता. चांगलं गुबगुबीत डुक्कर होतं.

खात्री करायची तर पाठीमागचं साल वाचायला हवं. पण कडी नेमकी सालावरच बसली होती. काळ्या डाखेखाली एक आकडा दिसेल तर शपथ.

मी चेहरा आणखी मख्ख केला. "मावशी, डाख दिलेली वस्तू आहे. पुरे पैसे कसे देऊ?"

"मले काय कळते त्यातलं? पण वस्तू चांगली हाये, बापा. दर पोळ्याले चिंच लावून राखेनं घासतो आम्ही. पाहा ना, कसा चमकून राह्यला!"

घासलेलं! म्हणजे दुसराही नियम मोडला. एरवी मी तिथेच पाठ फिरवली असती. पण लोभ कानात बसला की दुसरं काही ऐकू येत नाही.

"विकता कशाला?"

"कपाशीनं यंदा हात दाखवला. जोडीतला एक बैल इकला. एकट्या बैलाले दोन मठाट्या कायले पाह्यजे?" मग म्हणाली, "पण गुरुजी, दुसऱ्याले देऊ नोका. जोडी लागली त पोळ्याच्या आंधी येतो मी परत न्याले. आहे तसा ठेवसान ना?"

"हो हो, ठेवतो की," मी म्हणालो आणि चांदीच्या भावाहूनही थोडं कमी देऊन घराकडे पळालो.

आहे तसा मी तो चार दिवससुद्धा ठेवला नाही. पाचव्या दिवशी सोनाराच्या दुकानात जाऊन बसलो. तो माझा जुना दोस्त. त्यानं रुपया तापवला, कडी उचकटली, डाख हळूहळू काढली. मी देवाचं नाव घेत होतो. साल दिसलं. मला हवं होतं त्याच्या सात वर्षं पुढचं.

"मग डुक्कर कुठून आलं?" मी विचारलं.

सोनार पोट धरून हसला. "हत्तीच आहे तो. इतके पोळे चिंच-राखेनं घासल्यावर तुमचीही सोंड राहिली नसती, गुरुजी."

बाईनं मला बाजारातच सांगितलं होतं. मीच ऐकलं नव्हतं. घरी येऊन रुपया टेबलाच्या खणात फेकला आणि विसरून गेलो.

पोळा दोन दिवसांवर आला आणि बाई दारात उभी. हसू चेहऱ्यावर मावत नव्हतं. शेजाऱ्याकडेही एकच बैल उरला होता. दोघांनी सावड करून दोन बैलांची जोडी लावली होती. पेरण्या तिच्यावरच झाल्या होत्या.

"आता पोळ्याच्या तोरणाखाली जोडीनं जातीन. एकाच्या कपायावर रुपया अन् दुसऱ्याचं कपाय उघडं, बरं दिसते काय? आना माया रुपया."

मी खणातून रुपया काढून दिला. तिनं तो उलटा केला. हसू गेलं.

"कडी कुठं गेली?"

"सोनारानं काढली," मी म्हणालो.

"काहून काढली, गुरुजी? कडीबिगर हा कपायावर राह्यते काय? चांगली वस्तू बिघडवून ठेवली तुम्ही."

ज्या कडीपायी मी भाव पाडला होता, तिच्यासाठी ती कडी हाच रुपया होता. इतका ओशाळलो की चपला न घालताच सोनाराकडे धावलो. त्यानं काढायचे पैसे घेतले होते, आता लावायचे घेतले.

परत आलो तर बाई ओट्यावर बसलेली. मी म्हटलं, "राहू द्या मावशी, तसाच न्या."

"पोळ्याच्या सणाले फुकटचं नेत नाई आमी."

तिनं रुपया हातात घेतला. तळहातावर तोलला. उन्हाकडे तिरपा धरून पाहिला. कडी दोनदा ओढून पाहिली. चेहरा अगदी मख्ख. मग तिनं मी दिलेल्यातले निम्मेच पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.

"दोनदा डाख दिलेली वस्तू हाये," ती म्हणाली. "पुरे पैसे कशी देऊ?"