एमेट ड्रेशर यांच्या खिशातली किल्ली

माझे आजोबा, एमेट ड्रेशर, टॉलिव्हर गावच्या धान्यकोठारावर एकतीस वर्षे वजनकाटा सांभाळत होते. गव्हाच्या हंगामात ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत जाई, आणि त्या रांगेतला एकही शेतकरी त्यांनी उच्चारलेला आकडा दुसऱ्यांदा तपासत नसे. ओक्लाहोमाच्या आमच्या भागात माणसाविषयी याहून मोठे काही बोलले जात नाही. हे मी आरंभीच सांगते, कारण पुढचा मजकूर एखाद्या लबाड माणसाविषयीचा आहे असा समज होऊ नये. लबाड माणसाने फसवले तर त्यात समजून घेण्यासारखे फार थोडे असते.

मी सात वर्षांची असताना त्यांनी मला प्रथम कॉलेजच्या मैदानावर नेले. माझ्या वडिलांना अमेरिकन फुटबॉलचे वेड नव्हते, इतर नातवंडे दूरच्या गावी होती. निवड माझी झाली ती बहुधा एवढ्यावरच. पण झाल्यावर ती पूर्णपणे झाली. सप्टेंबर ते नोव्हेंबरमधला प्रत्येक शनिवार आम्हा दोघांचा असे. पश्चिमेकडची सत्ताविसावी रांग, कागदात बांधलेला मक्याचा पाव, आणि शेजारी आजोबा, ज्यांचे मैदानावरचे लक्ष क्षणभरही ढळत नसे.

"चेंडू कशाला बघतेस?" ते म्हणत. "चेंडू दारुड्यालाही दिसतो. मधल्या रांगेतल्या पोरांचे पाय बघ. कुठं जायचंय ते पायांना आधी कळतं."

"पण आजोबा, मग चेंडू कुणाकडे गेला ते कळत नाही."

"लोक ओरडतील की. त्यांना तेवढंच काम आहे."

पुढे विद्यापीठात समाजशास्त्र शिकताना, घटनेपेक्षा तिला आधार देणाऱ्या रचनेकडे पाहावे, असे मला सांगण्यात आले तेव्हा ते नवे वाटले नाही. माझ्या विषयाचा पहिला पाठ मला सत्ताविसाव्या रांगेत मिळाला होता. हे ऋण मी आजही नाकारत नाही, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

आजोबांचे एक निळे जाकीट होते. छातीवर पांढऱ्या लोकरीचे 'टी' अक्षर. हे अक्षर कॉलेज केवळ खेळाडूंना देते. आजोबा खेळाडू नव्हते. १९५६ साली ते संघाचे सामान सांभाळणारे विद्यार्थी होते. शिरस्त्राणे पुसणे, खांद्यांचे पट्टे शिवणे, टॉवेल धुणे ही त्यांची कामे. सामान सांभाळणाऱ्याला अक्षर देण्याची प्रथा तेव्हा नव्हती आणि नंतरही पडली नाही. "कोचनी स्वतः माझ्या अंगावर घातलं," एवढेच ते सांगत. नोव्हेंबरच्या वाऱ्यात ते जाकीट माझ्या खांद्यांवर येई आणि आपल्या कष्टाने नियमालाही वाकवणाऱ्या माणसाची मी नात आहे, असा अभिमान मला वाटे.

१९५६चा संघ हा टॉलिव्हरचा एकमेव अपराजित संघ. गावाला त्याची कथा तोंडपाठ होती आणि तिच्या आरंभी एक मृत्यू होता. ऑगस्टमध्ये, सरावाच्या दुसऱ्याच दिवशी, व्हर्लिन स्ट्राउड नावाचा अठरा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा मैदानावर कोसळला आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी गेला. जन्मापासून हृदय कमजोर होते, असे सांगण्यात आले. संघाने तो हंगाम त्याला अर्पण केला आणि एकही सामना गमावला नाही. दर ऑक्टोबरमध्ये, जुने विद्यार्थी परत येतात त्या शनिवारी, हयात खेळाडू मध्यंतरात मैदानाच्या मधोमध उभे राहत. त्यांच्यासोबत आधी व्हर्लिनची आई असे, तिच्यानंतर त्याची धाकटी बहीण ओलिटा. तिच्या कोटावर पांढरे शेवंतीचे फूल टाचण्याचा मान आजोबांचा होता. हात थरथरू लागल्यावरही त्यांनी तो कुणाला दिला नाही.

मिस ओलिटांनी आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केले आणि लग्न केले नाही. त्याचे कारण सगळ्यांना माहीत होते. त्या सव्वीस वर्षांच्या असताना डॉयल नावाच्या एका शेतकऱ्याने त्यांना मागणी घातली होती. त्यांनी नकार दिला, कारण व्हर्लिनच्या हृदयात जे होते ते स्ट्राउडांच्या रक्तात असणार आणि ते आपल्या मुलाबाळांत उतरेल, असे त्यांच्या आईने त्यांना पटवले होते. डॉक्टरांनी तपासून सर्व ठीक आहे असे सांगितले, तर आई म्हणे, व्हर्लिनलाही दोन दिवस आधी कॉलेजच्या डॉक्टरने असेच सांगितले होते. गाव या निर्णयाकडे आदराने पाही. चर्चमध्ये त्याचा उल्लेख त्यागाचे उदाहरण म्हणून होई.

संघाला पासष्ट वर्षे होत होती तेव्हा कॉलेजने मला एक छोटी पुस्तिका लिहायला सांगितले. जुन्या कागदांच्या खोक्यात मला व्हर्लिनच्या मृत्यूच्या चौकशीतला एक जबाब सापडला. 'मैदानावर पाणी सर्व वेळ उपलब्ध होते. मृताने ते दोनदा घेतले.' खाली सही, एमेट ड्रेशर. मी तो वाचला आणि बाजूला ठेवला. मैदानावर पाणी असणारच. त्यात नोंद घेण्याजोगे मला काही दिसले नाही.

पुढच्या आठवड्यात मी ध्वनिमुद्रक घेऊन आजोबांकडे गेले. ते तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि वृद्धनिवासात राहत होते. बोलायला मिळाले म्हणून खुशीत होते.

"आजची पोरं दर दहा मिनिटांनी पाणी पितात," ते म्हणाले. "बाटल्या घेऊन माणसं मागे पळतात, लग्नातल्या वाढप्यासारखी. आम्ही एक ते पाच, थेंब नाही."

"ऑगस्टमध्ये?"

"ऑगस्टमध्येच तर. पाणी प्यायलं की पोरगं मऊ पडतं, कोच म्हणायचे. पाण्याऐवजी मी मिठाच्या गोळ्या वाटायचो. पाण्याचे डबे खोलीत, खोलीला कुलूप." त्यांनी उजव्या मांडीवर थाप मारली. "आणि किल्ली इथं. कोचनी दुसऱ्या कुणाला दिली नसती."

त्यांच्या चेहऱ्यावर निखळ समाधान होते. हीच गोष्ट ते कोठारावर, न्हाव्याकडे, चर्चच्या जेवणात साठ वर्षे सांगत आले होते. त्या काळी सराव असाच होई आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे कुणालाच वाटत नव्हते. व्हर्लिनचे हृदय कमजोर होते हेही सर्वांना माहीत होते. या दोन गोष्टी टॉलिव्हरमध्ये उघडपणे नांदत होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची रीत मात्र नव्हती. आजोबांची चूक एवढीच, की त्यातली एक त्यांनी अशा व्यक्तीला सांगितली जिने तिच्या नेमका उलट असा त्यांचाच जबाब नुकताच वाचला होता.

"आजोबा, व्हर्लिन पडला त्या दिवशीही कुलूप होतं?"

"त्याचं हृदय कमजोर होतं."

"मी कुलपाचं विचारलं."

ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"तुमची सही आहे. त्याने दोनदा पाणी घेतलं म्हणून."

"कोच लिहूनच घेऊन आले होते. मी एकोणीस वर्षांचा होतो, नेल. तू एकोणीसची असताना कुणाला नाही म्हणालीस?"

"आणि जाकीट कधी मिळालं?"

"त्याच नोव्हेंबरात. थँक्सगिव्हिंगला." मग, मी न विचारता, ते म्हणाले, "पाणी नाही मागितलं त्यानं. टॉवेल ओला करून दे म्हणाला. मी कोचकडे बघितलं. कोच दुसरीकडे बघत होते."

ते जाकीट मी किती नोव्हेंबरांत अंगावर घेतले हे त्या क्षणी मला आठवू नये असे वाटत होते, आणि तेच आठवत होते. मला त्यांच्या एकोणिसाव्या वर्षाचा राग आला नाही. सत्तेपुढे एकोणिसाव्या वर्षी माणूस काय करतो, यावर मी वर्गात व्याख्याने देते. राग आला तो नंतरच्या पासष्ट ऑक्टोबरांचा. शेवंती टाचणाऱ्या त्या हातांचा.

"मिस ओलिटांना सांगा," मी म्हणाले.

"ऐंशीची झाली ती. आता तिला काय करायचंय?"

"त्यांनी डॉयलला नकार दिला."

"डॉयल तसाही आळशी होता."

"आजोबा."

"शब्द दिलाय मी."

"कोचना जाऊन चाळीस वर्षं झाली."

"म्हणून काय परत घ्यायचा?"

मी आणखी दोनदा गेले. जबाबाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली, ती त्यांनी उपडी केली. तिसऱ्या खेपेस ते म्हणाले, "आण तिला. शनिवारी आण." मी विश्वास ठेवला. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय या गावात मला एकटीलाच नव्हती.

शनिवारी मिस ओलिटा घरी भाजलेला पीचचा गोड कॉब्लर घेऊन आल्या. त्यांना मी इतकेच सांगितले होते, की आजोबांना व्हर्लिनविषयी बोलायचे आहे. दूरचित्रवाणीवर टॉलिव्हरचा सामना चालू होता.

"एमेट, मोजे बघ तुझे. एक निळा, एक लाल."

"एक घरच्या संघाचा, एक पाहुण्यांचा. या वयात कुणाशी वैर नको."

त्या हसल्या, पांघरूण सारखे केले, आणि खुर्ची ओढून बसल्या. "नेल म्हणाली, तुला काही सांगायचंय."

आजोबांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मला नीट ओळखता आली. सत्ताविसाव्या रांगेत, चेंडू फेकला जाण्याआधी, तेवढीच स्थिर असे ती. "सांगायचं काय," ते म्हणाले. "आठवण काढत होतो त्याची. हृदय तेवढं धड असतं, तर आमच्यातला सगळ्यात चांगला तोच झाला असता."

मिस ओलिटांनी मान हलवली. ही मान त्यांनी या वाक्यावर आयुष्यभर हलवली होती.

तेव्हा मी सांगितले. कुलूप, किल्ली, मिठाच्या गोळ्या, टॉवेल, जबाब, जाकीट. मी शक्य तितक्या कमी शब्दांत बोलले. आजोबांनी मला अडवले नाही. ते पडद्याकडे पाहत होते.

मिस ओलिटांनी पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. "एमेट," त्या म्हणाल्या, "नेलवर माझा विश्वास आहे. पण तू सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. कुलूप होतं?"

"हा एवढा डाव होऊ दे," आजोबा म्हणाले.

त्या थांबल्या. तो डाव झाला आणि पुढचा सुरू झाला. सामन्याचा शेवटचा चौथा भाग लागला होता. "डावीकडचा तो पोरगा थकलाय," आजोबा पडद्याला म्हणाले. "पाय बघा त्याचे. त्याच बाजूनं येणार आता." पाहुणा संघ त्याच बाजूने आला. मी दूरचित्रवाणी बंद करायला उठले, तर मिस ओलिटांनी बोटाने मला बसायला सांगितले. त्यांना ते उत्तर आजोबांच्या स्वेच्छेने हवे होते. जाहिराती लागत तेव्हा त्या आजोबांच्या तोंडाकडे पाहत, आणि आजोबा जाहिराती पाहत.

सामना संपला.

"जिंकलो," आजोबा म्हणाले.

"हो. बघितलं मी," मिस ओलिटा म्हणाल्या, आणि उठल्या.

गाडीत त्या एकच गोष्ट बोलल्या. "डॉयलला चार मुलं झाली. चौघं ठणठणीत."

दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन आला. "माझा आवाज यंत्रात भरून घेतलास आणि माझ्याच अंगावर घातलास," ते म्हणाले. "तुला मी काय नाही दिलं?" या प्रश्नाचे उत्तर, त्यांनी मला सर्व काही दिले, असेच होते. मी ते दिले नाही. नंतरच्या शनिवारी मी गेले तेव्हा खोलीचे दार लावलेले होते आणि आतून समालोचकाचा आवाज येत होता. मी दार ठोठावले, आवाज वाढला. फेब्रुवारीत ते गेले. मिस ओलिटांना त्यांनी काही सांगितले नाही, मलाही पुन्हा भेटू दिले नाही.

माझ्या विषयातली माणसे निष्ठेविषयी लिहिताना ती कुणाशी होती हे तपासतात. ती राखण्याची किंमत कुणाकडून वसूल झाली हे विचारायला आम्ही पुष्कळदा विसरतो. आजोबा कोचशी शेवटपर्यंत निष्ठावंत राहिले, आणि तितक्या प्रेमाने त्यांनी मला हा खेळ दिला. हे प्रेम खोटे होते असे म्हणता आले असते तर मला सोपे गेले असते. ते खरे होते. त्यांनी मला जे पाहायला शिकवले, त्यातून एक दुपार मात्र वगळली होती, आणि मी ती पाहिली तेव्हा त्यांनी दार लावून घेतले.

अंत्यविधीनंतर मी ध्वनिमुद्रण घेऊन मिस ओलिटांच्या घरी गेले. आजोबांच्या तोंडून हवे होते ना, त्यांचाच आवाज आहे, असे मी म्हणाले.

"नको," त्या म्हणाल्या. "यंत्रातून नको. जिवंत होता, समोर होता, हात लांब केला असता तर लागला असता. तेव्हा नाही बोलला."

"मग पुस्तिकेत काय लिहू?"

त्यांनी माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि बसल्या.

"कुलपाचं लिही. किल्लीचं लिही. आणि हेही लिही, की मी विचारलं आणि थांबले. सामना संपेपर्यंत थांबले."

कॉलेजने ते पान छापले नाही.